हेडफोनसाठी स्थळ पाहताना

संगीताची आवड आणि शेजाऱ्यांची झोप यांचे सख्य आमच्या निपाणीत तरी फार काळ टिकत नाही. जुन्या पेठेतील घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत. इकडे कोणी खोकले की तिकडून ‘काढा घेतला का?’ अशी विचारणा यावी, इतका शेजार! अशा घरात रात्री साडेदहानंतर मल्लिकार्जुन मन्सूरांची तान मनासारखी ऐकायची म्हणजे शेजारधर्माची परीक्षाच. त्यातून आमच्या मातोश्रींना, वय वर्षे चौऱ्याऐंशी, अलीकडे कमी ऐकू येते. त्यांना पुरेल एवढा आवाज ठेवावा तर पलीकडच्या मुलांचा अभ्यास बुडतो, मुलांना मानवेल एवढा ठेवावा तर त्या विचारणार, “अजून लावलं नाहीस का रे?” सांगली आणि धारवाड या दोन्ही आकाशवाणी केंद्रांवर ज्यांचे कान घडले, त्यांना ‘आता गाणे पुरे’ असे सांगणे आमच्याने होईना. म्हणून उत्तम प्रतीचा हेडफोन घेण्याचा विचार घरात सुरू झाला.

बंगळूरचा पुतण्या सुट्टीवर आला होता. त्याने आमच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे पाहून निकाल दिला, “काका, आधी हा जुना डबा काढा. नाहीतर चांगला हेडफोन वाया जाईल.” हा डबा म्हणजे आमच्या वडिलांनी १९८२ साली हौसेने घेतलेला, प्रत्येक बाजूस वीस वॅटचा स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर. सोनोडाइन, कॉस्मिक ही नावे ज्या काळी घराघरांत आदराने उच्चारली जात, त्या काळातला. शहरातील एका दुकानदारानेही पुतण्याचीच री ओढली आणि हेडफोनसाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्या, म्हणून सांगितले. त्याची किंमत जवळजवळ हेडफोनाएवढी. वडिलांची वस्तू मोडीत घालायची आणि वर दुप्पट खर्च करायचा, हे आमच्या मनाला पटेना. मुलीचे स्थळ पाहताना आपण दोन्हीकडच्या पत्रिका मागवतो. मग येथे एकाच पक्षाचे ऐकून मोकळे का व्हावे?

गावातील एका जुन्या जाणत्या रेडिओ दुरुस्ती करणाऱ्याने झाकण उघडले आणि हेडफोनच्या पाव इंची खोबणीकडे जाणाऱ्या तारा दाखविल्या. त्या काळच्या पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरांत हेडफोनसाठी निराळी व्यवस्था नसे. लाउडस्पीकरकडे जाणारीच वीज मध्ये एक रोध घालून खोबणीत आणलेली असे. आमच्या डब्यात हा रोध ३३० ओहमचा निघाला.

सारे रहस्य या ३३० मध्ये आहे. हेडफोनचाही स्वतःचा अडथळा असतो, त्याला इम्पीडन्स म्हणतात, आणि तोही ओहममध्येच मोजतात. अ‍ॅम्प्लिफायरने दिलेला दाब हा रोध आणि हेडफोन यांच्यात त्यांच्या आकड्यांच्या प्रमाणात वाटला जातो. पुतण्याचा हेडफोन ३२ ओहमचा होता. त्याच्या वाट्याला आला जेमतेम अकरावा हिस्सा. पण खरी अडचण पुढेच आहे. हेडफोनचा अडथळा सर्व स्वरांना सारखा नसतो. नेहमीच्या पडद्याच्या हेडफोनांत तो खालच्या स्वरांत, साधारण ५० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान, एकदम चढतो. तेथे ३२ चे ६० झाले, तर वाटणीत त्या स्वरांना सुमारे ५ डेसिबल जास्तीचे मिळतात. आता काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा. डग्ग्याची घुमारही त्याच आसपासची. साहजिकच पुतण्याच्या हेडफोनमधून डग्गा असा फुगून आला, की गवई पलीकडच्या खोलीत बसून गात असल्यासारखा वाटला. मिरजेच्या कारागिरांनी सुताची जागा केसभर सरकवून जी जवारी साधायची, ती अशा गलबल्यात कोठून ऐकू येणार?

येथवर पुतण्या खरा होता. परंतु ३०० ओहमच्या हेडफोनची पत्रिका मांडली तेव्हा चित्र पालटले. सेनहायझर कंपनीचा १९९७ साली निघालेला एचडी ६०० हा या जातीचा प्रसिद्ध नमुना. बायरडायनॅमिक कंपनी तर २५० आणि ६०० ओहमचेही करीत आली आहे. ३०० ओहमचा हेडफोन आमच्या खोबणीत लावला, तर निम्म्याजवळ दाब त्याला मिळतो, आणि खालच्या स्वरांतील अडथळा ५०० पर्यंत चढला तरी फुगवटा २ डेसिबलांच्या आसपास राहतो. तेवढा बासचे बटण किंचित मागे घेऊन सावरता येतो. वीस वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आठ ओहमच्या स्पीकरला साडेबारा व्होल्ट देऊ शकतो. म्हणजे हेडफोनाला सहाएक व्होल्ट सहज. उलट मोबाइल फोनची खोबणी पुष्कळदा एका व्होल्टाच्या आतच थकते, आणि विलंबित ख्यालाच्या हळुवार जागा तिच्यावर पुसट ऐकू येतात. ज्याला डबा म्हणून हिणवले, तोच या वराला अनुरूप ठरला. काटेकोर लोक हेडफोनचा आकडा उगमाच्या आठपट तरी असावा म्हणतात. त्या हिशेबाने आमची जोडी नापास आहे; पण आमच्या कानांनी ती पास केली आहे.

ज्यांच्या घरी असा जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे त्यांना एक मात्र सांगितले पाहिजे. काही उत्साही मंडळी स्पीकरच्या तारांनाच हेडफोन जोडतात. काही अ‍ॅम्प्लिफायरांत स्पीकरची उणे तार जमिनीशी जोडलेली नसते. तेथे दोन्ही बाजूंच्या उणे तारा एकत्र आल्या, की अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. जाणकाराला दाखविल्याशिवाय हे धाडस करू नये. आणि खोबणीत दांडी घालण्यापूर्वी आवाजाचे बटण शून्यावर आणावे. सहा व्होल्ट म्हणजे ११० डेसिबलांच्या वरचा आवाज, थेट कानाच्या पडद्याशी! जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल चाळीस तास ही मर्यादा सांगितली आहे, आणि दर ३ डेसिबलांमागे हा अवधी निम्मा होतो.

मातोश्रींच्या कानांची तपासणी करून घेतली, तेव्हा उजवा कान अधिक मंद असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. या ठिकाणी जुन्या डब्याने आम्हांला जिंकले. त्यावर ‘मोनो’चे बटण आहे, ते दाबले की दोन्ही कानांना सारखेच गाणे मिळते, एका कानात तंबोरा आणि दुसऱ्यात तबला अशी फारकत होत नाही. शेजारी ‘बॅलन्स’ची चकती आहे. डॉक्टरांना विचारून ती उजवीकडे थोडी फिरविली, तसे मधोमध गाणे आले. हेडफोनसाठीच्या आजच्या कित्येक महागड्या अ‍ॅम्प्लिफायरांवर ही दोन्ही साधने नसतात.

हेडफोन मागून उघड्या जाळीचा असल्याने हाक मारली तर त्यांना कळते, आणि जवळ बसणाऱ्याला थोडे गाणेही ऐकू येते. भिंतीपलीकडे मात्र काही जात नाही. आता रात्री अकराला पलीकडे शांतता आणि इकडे मातोश्री, हेडफोन लावलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात, आम्हांला विचारतात, “तबल्याला कोण आहे रे?” तार तीन मीटरची आहे. ती त्यांच्या पलंगापर्यंत पोचेना, म्हणून वडिलांनी भिंतीत ठोकून बसविलेली फळी काढून आम्ही उशाशी आणली आहे.