फणसाडच्या रानातील मुक्काम

पेणच्या दक्षिणेस, रोहा व मुरूड तालुक्यांच्या डोंगरांत फणसाडचे रान पसरले आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले. अमेरिकेतील अनेक राष्ट्रीय वनांत प्रवासी विनामूल्य, मनाजोगत्या जागी तंबू ठोकू शकतो. येथे ती मुभा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार प्रवेशासच परवानगी लागते आणि मुक्काम सुपेगाव येथे, ठरवून दिलेल्या जागीच. कित्येकांना हे जाचक वाटते. परंतु येथील पाणवठे, ज्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात, मोजकेच आहेत. चैत्र-वैशाखात ओढे आटले की सांबर, भेकर, बिबट्या तेथेच येतात. काठावर तंबू दिसला, तर तहानलेला जीव झाडीतूनच माघारी फिरतो. रानात शेकोटीही वर्ज्यच. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांना मात्र सूर्यास्तानंतर चूल न पेटण्याची अडचण कसली?