फिक्सर

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी-आत्महत्यांवर माहितीपट करणाऱ्या परदेशी चमूबरोबर मी दुभाषी म्हणून गेलो होतो. गाडी, परवानग्या, गावातील ओळखीपाळखी सांभाळणारा स्थानिक तरुण त्यांच्या लेखी ‘फिक्सर’. क्रिकेटमुळे आपल्याकडे बदनाम झालेला हा शब्द त्याला मुळीच रुचत नसे.

“पतीचे प्रेत प्रथम कोणी पाहिले?” असे दिग्दर्शकाला विचारायचे होते. मी प्रमाण मराठीत वाक्य जुळवीत असतानाच तो त्या बाईंसमोर जमिनीवर बसला. “माय, यंदा पऱ्हाटी कशी हाय?” बाई कापसाविषयी बोलू लागल्या आणि अर्ध्या तासाने, कोणी न विचारता, त्या सकाळपाशी येऊन पोहोचल्या.

आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो. तो त्याच तालुक्यातला. बाजाराच्या दिवशी बाई त्याला पुन्हा भेटणार होत्या.

श्रेयनामावलीत नाव आहे ते माझे, ‘भाषातज्ज्ञ’ म्हणून.