पेरणीचे दिवस आणि आमचं आयसीयू

१२ जून, गुरुवार
मृगाचा पाऊस लागला आणि ‘औषध प्यालेले’ रुग्ण येऊ लागले. आज पहाटे तिशीतला एक शेतकरी आला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. भावाने बाटली सोबत आणली, हे फार बरं केलं. ऑरगॅनोफॉस्फेट विष ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम बंद पाडतं; मग लाळ, घाम, फुप्फुसातला स्राव काहीच थांबत नाही. सिस्टरनी कपडे काढून अंग धुतलं, इकडे आम्ही ॲट्रोपिन सुरू केलं. दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. पुढे सलाइनमधून सलग. चितगावच्या डॉक्टरांनी १५६ रुग्णांवर ही पद्धत तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष छापले. जुन्या पद्धतीच्या गटात २२.५ टक्के दगावले, नव्या पद्धतीच्या गटात ८ टक्के. छाती मोकळी होऊ लागली की मला त्या वॉर्डाची आठवण येते.

श्वास पुरेना म्हणून व्हेंटिलेटर लावला. रजिस्ट्रारने विचारलं, “सर, पॅम लावू ना?” नेहमीप्रमाणे लावलं, पण या प्रश्नावर शनिवारी सगळ्यांनी बसायचं ठरलं.

१४ जून, शनिवार
पॅम म्हणजे प्रॅलिडॉक्सिम. बंद पडलेल्या एन्झाइमला विषाच्या तावडीतून सोडवणारं औषध. आधी बारामतीचा अभ्यास वाचला, ‘लॅन्सेट’मध्ये २००६ साली आलेला. मध्यम तीव्रतेची विषबाधा झालेले २०० रुग्ण. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम. मग ४८ तास निम्म्यांना तासाला १ ग्रॅम सलग, निम्म्यांना दर चार तासांनी १ ग्रॅम. सलगच्या गटात १ टक्का मृत्यू, दुसऱ्या गटात ८ टक्के. तालुक्याच्या गावात झालेलं हे काम मुलं मान वर करून ऐकत होती.

मग २००९ चा श्रीलंकेतला अभ्यास काढला. तिथे पॅमच्या गटातल्या १२१ पैकी ३० जण गेले, नुसत्या सलाइनच्या गटातल्या ११४ पैकी १८. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो; पण पॅमचा फायदा दिसला नाही, हे उरतंच.

“मग खरं कोणाचं?” रजिस्ट्रार म्हणाली. दोन्ही खरे. बारामतीत दोन्ही गटांना पॅम मिळालं होतं. ते कसं द्यावं, एवढंच विचारलं होतं. श्रीलंकेने विचारलं, द्यावं की नाही? मात्रा निराळी, रुग्णांची अवस्था निराळी. शिवाय काही विषं थोड्याच तासांत एन्झाइमला असं जखडतात की मग पॅमचा उपयोग होत नाही. आमच्याकडे माणूस कधी पोचतो, काय पिऊन येतो, यावर आमचं उत्तर ठरणार. ते दुसऱ्याच्या आकड्यांतून निघणार नाही.

१७ जून, मंगळवार
बांधावरचा दगड उचलताना नऊ वर्षांच्या मुलीला लाल विंचू चावला. घामाने चिंब, हातपाय गार, नाडी धावतेय. प्राझोसिन आणि विंचवाची लस, दोन्ही दिलं. रात्री नऊला तिने आईकडे पाणी मागितलं.

प्राझोसिन ही मुळात रक्तदाबाची गोळी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून हृदयावर काय होतं ते टिपलं आणि ही गोळी विंचवावर आणली. तिथेच न थांबता बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर पुढचा प्रश्न तपासला. २०११ मध्ये तो ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. दहा तासांत पूर्ण सावरलेले रुग्ण: नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८, सोबत लस दिलेल्यांत ३५ पैकी ३२. कोकणातल्या विंचवाचा प्रश्न लंडनला कोण कशाला विचारेल? तो महाडलाच विचारावा लागला.

२० जून, शुक्रवार
पॅमवरच्या अभ्यासाचा आराखडा लिहायला घेतलाय. संमतिपत्राचा मसुदा वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवला. आमच्या नातेवाइकांची भाषा त्यांच्याइतकी कोणाला कळत नाही. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं, “डॉक्टर, चिठ्ठीत ज्याच्या वाट्याला नुसतं सलाइन येईल, त्यानं काय पाप केलं?”

ॲट्रोपिन, व्हेंटिलेटर, देखरेख यांत कोणालाच कमी मिळणार नाही, हे मी सांगितलं. श्रीलंकेतले आकडेही सांगितले. कोणती बाजू सुरक्षित आहे हे ठाऊक असतं, तर चिठ्ठी काढणं पापच ठरलं असतं. मावशी म्हणाल्या, “मग हेच लिवा की कागदावर.” तसंच लिहिलं. बेशुद्ध माणसाच्या वतीने सही करणाऱ्याला एवढं सरळ सांगणं हे आमचं पहिलं कर्तव्य आहे.

२३ जून, सोमवार
व्हेंटिलेटर काल निघाला. शेतकरी आज भावाशी बोलला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी त्याची भेट घेतली. कर्जाचं बोलायला समाजसेवा विभागाच्या ताईही आल्या.

आराखडा नीतिसमितीकडे दिला. मंजुरी मिळाली की पहिला रुग्ण घेण्याआधी देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, त्याची नोंद होईल. निकाल मनासारखा नसला तरी तो लपवता येऊ नये, यासाठी ही नोंद मला महत्त्वाची वाटते. तोवर विषबाधेच्या प्रत्येक केसपेपरवर तीन गोष्टी लिहायच्या: प्यायची वेळ, पोचायची वेळ, बाटलीवरचं नाव. पॅमबद्दलचं आमचं उत्तर काहीही येवो, ते या तीन नोंदींशिवाय येणार नाही.