गॅसचा गिझर पेटत नाही तेव्हा

तुयेत आता न्हाणीतल्या चुलीची जागा कित्येक घरांत गॅसच्या गिझरने घेतली. पावसाळ्यात तोही रुसतो. बँकेत हिशेब जुळेना तर एकेक नोंद तपासायचो, तसंच इथे करायचं. टक्-टक् आवाजच नसेल तर १.५ व्होल्टचे २ सेल बदला, पाण्याचा जोर पाहा. आवाज आहे पण ज्योत नाही, तर सिलिंडर संपलाय का बघा. गॅसचा वास आला तर मात्र पुन्हा नळ सोडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडी, विजेच्या बटणांना हात नको. बाहेर जाऊन १९०६ ला फोन.

आणि पेटला तरी खिडकी उघडी हवीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलं परगावी, घरात आम्ही दोघंच. म्हणून मी रोज बाहेरून विचारतो, "खिडकी उघडलीस ना गो?"