जादू लपवायची कुठे?

किशोरवयीन मुलांची जादूची मालिका लिहायला बसलं की पहिला प्रश्न जादू कोणती, हा नसतो. ती कुणापासून लपवायची आणि कुठे लपवायची, हा असतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एखादी शक्ती मिळते, घरात ती सांगायची सोय नसते आणि 'सांगायचं नाही' या एका अटीवर शंभर-शंभर भाग चालतात. ज्या भागात ही अट पूर्ण मोडते, तो बहुधा शेवटचा असतो. म्हणून या प्रकाराला एक वस्तू लागतेच लागते: आतून कडी लावता येईल असं दार. परदेशी मालिकांत मुलीची माडीवर स्वतःची खोली असते. हिंदी मालिकांत बंगला असतो, त्याला जिना असतो आणि जिन्याखाली कुजबुजायला जागा असते.

मी मुलांसाठी दूरचित्रवाणीचं लेखन करते. राहते मुंबईत, पण मूळची अंबाजोगाईची. बीड जिल्ह्यात घडणारी अशी एक मालिका लिहायला घेतली, तेव्हा हे दार मला पहिल्याच पानावर आडवं आलं. पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसं झोपतात. शाळेचं दप्तर आणि ज्वारीचं पोतं एकाच कोपऱ्यात. ऊसतोडीला गेल्यावर तर खोलीही नाही, फडाच्या कडेला पाचटाची कोपी. तिथे चौदा वर्षांच्या मुलीने जादू लपवायची कुठे?

आमच्या पिढीने ही जादू पाहिली ती दूरदर्शनवर. अंबाजोगाईला दूरदर्शनचं प्रक्षेपण केंद्र होतं, त्यामुळे आमच्याकडे चित्र स्वच्छ यायचं आणि त्याचा गावाला अभिमान होता. 1997 च्या सप्टेंबरात 'शक्तिमान' सुरू झालं. पुढे ते रविवारी दुपारी लागायला लागलं आणि नेमकी त्याच वेळी लाइट जायची. मग कुणीतरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचं, ती काळ्या-पांढऱ्या संचाला जोडली जायची आणि अख्खी गल्ली एका ओसरीत बसायची. मुकेश खन्नांचा गंगाधर चष्मा सावरत बोलायला लागला की लहान पोरं 'हाच शक्तिमान!' असं ओरडून त्याचं गुपित सांगायची. बाकी कुणाला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे, हा आनंद उडण्याच्या दृश्यांपेक्षा मोठा होता. या प्रकाराचा खरा जीव तिथे आहे, हे मी पुढे लिहायला लागल्यावर शिकले.

2000 साली 'सोन परी' आली. परी झाल्या होत्या आपल्या मृणाल कुलकर्णी आणि फ्रूटी झाली होती तन्वी हेगडे. जवळपास त्याच काळात 'शाका लाका बूम बूम'मध्ये किंशुक वैद्यच्या संजूला जादूची पेन्सिल मिळाली; चित्र काढावं आणि ती वस्तू समोर यावी. या दोन्ही मालिकांत जादू बाहेरून येते. आई नसलेल्या मुलीला परी मिळते, एकट्या मुलाला पेन्सिल मिळते. जे आयुष्यात कमी आहे त्याची भरपाई. 2003 मध्ये आलेली 'शरारत' मात्र निराळी होती, आणि माझ्या मते हिंदीत या प्रकाराचं सर्वांत समजूतदार लेखन तिच्यात झालं. तिथे जियाला जादू आजी आणि आईकडून वारशाने येते. अठरा वर्षांची झाली की कळतं. घरातल्या बायकांच्या तीन पिढ्यांचं गुपित. फरीदा जलाल यांच्या आजीने त्यात जी ऊब आणली तिला तोड नाही.

मराठीत मुलांसाठी असं काही झालंच नाही म्हटलं तरी चालेल. झी मराठीवर 2022 मध्ये 'सातव्या मुलीची सातवी मुलगी' सुरू झाली, तिच्यातल्या नेत्राला पुढचं दिसतं. पण ती घरातल्या मोठ्यांसाठी लिहिलेली मालिका होती. पोरांनी ती आजीच्या मांडीवरून पाहिली, एवढंच.

'शरारत'मधलं ते अठराचं वय माझ्या डोक्यातून जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे जादू कळायच्या वाढदिवसाला आमच्याकडच्या किती तरी नायिका सासरी असतात, कडेवर मूलही असतं. 

याचं एक मोठं कारण ऊसतोड आहे. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं सांगली-कोल्हापूरकडे आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला दोघांनी तोडायलाच हवं. वयात आलेली मुलगी सोबत नेली तर उघड्या फडावर तिची काळजी, मागे ठेवली तर गावात काळजी. मग लग्न लावून जोडीने कोयत्यावर पाठवायचं, हा हिशोब होतो. त्या आई-बापांना मी दुष्ट म्हणणार नाही. त्यांच्यासमोरचे सगळेच रस्ते वाईट आहेत.

लेखक म्हणून मात्र मला यात एक गोष्ट दिसली. मुलांच्या अद्भुत कथांची सुरुवात जगभर आई-बाप दूर करून होते. कुणाचे वारलेले असतात, कुणाचे प्रवासाला जातात, कुणाला वसतिगृहात घालतात, कारण मोठी माणसं घरात असली तर साहस घडत नाही. आमच्या जिल्ह्यात हे काम साखर कारखाना करतो. पाच महिने अर्धं गाव रिकामं होतं. मागे राहतात आजी-आजोबा, शेरडं आणि शाळेसाठी ठेवलेली मुलं. काही गावात, काही हंगामी वसतिगृहात. दुपारी अशा गावात गेलं की ओळीने कुलपं लावलेली दारं दिसतात. अद्भुत कथेला याहून तयार जागा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आणि लपवलेली जादूही इथे आधीपासून आहे. तिला आमच्याकडे भानामती म्हणतात.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. रात्री पत्र्यावर दगड पडतात. पेटीतल्या साडीला आपोआप आग लागते. मळलेल्या पिठात खडे निघतात. कुणाच्या तरी दंडावर, पाठीवर काळ्या फुल्या उमटतात. घर हादरतं, देवऋष्याला बोलावणं जातं, त्याचा खर्च होतो आणि बऱ्याचदा शेजारच्या किंवा भावकीतल्या एखाद्या बाईवर करणीचा आळ येतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशी किती तरी प्रकरणं सोडवली. त्यांची पद्धत मला फार मोलाची वाटते. ते घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं, शांतपणे बोलतात. फुल्या बिब्ब्याच्या तेलाच्या असतात, हे त्यांना ठाऊक असतं. आग रसायनाने कशी लागते, हेही ते करून दाखवू शकतात. पण त्यांचा शोध रसायनापाशी थांबत नाही. हे करणारं माणूस त्याच घरातलं असतं, आणि अनेकदा ती एखादी कोवळ्या वयाची मुलगी किंवा नवी सून असते. तिचं काहीतरी दुखत असतं आणि ते ऐकून घेणारं घरात कुणी नसतं. कार्यकर्ते तिचं नाव चारचौघांत फोडत नाहीत. तिचं म्हणणं ऐकतात, घरच्यांना काय बदलायला हवं ते सांगतात आणि दगड थांबतात.

हे वाचलं-ऐकलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होते. किशोरवयीन मुलगी, घरात सांगता न येणारी गोष्ट, गुपचूप वापरलेली शक्ती आणि हादरलेली मोठी माणसं: माझ्या धंद्याचं सगळं सामान यात आहे. फरक इतकाच की मालिकेतल्या मुलीला शक्ती मिळते म्हणून ती लपवते. इथे मुलीला बोलायला मिळत नाही म्हणून ती शक्ती उभी करते. मला लिहायची आहे ती ही दुसरी मुलगी.

पण इथे फार जपून पाऊल टाकावं लागतं. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षअखेर राज्याचा जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. ज्या जिल्ह्यात करणीच्या संशयावरून बाईला मारहाण होऊ शकते, तिथल्या मुलांना जादूची गोष्ट सांगताना काही गोष्टी करायच्या नाहीत, असं मी ठरवलेलं आहे. माझ्या मालिकेत चेटकीण नाही. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण हा मराठी बालरंगभूमीचा ठेवा आहे, तिच्यावर माझं प्रेम आहे. शहरातल्या नाट्यगृहात ती पोरांना हसवते. गावाच्या कडेला एकटी राहणारी म्हातारी ज्यांनी पाहिली आहे, त्या पोरांपुढे मी चेटकीण ठेवणार नाही. कुणाच्या जादूमुळे दुसऱ्याचं मूल आजारी पडतं, असं एकाही भागात घडणार नाही. मंत्र, लिंबू, अंगारा काही नाही. जादूची किंमत जिची तिलाच मोजावी लागेल.

ती किंमत कोणती, हे मला धारूरकडच्या एका वसतिगृहात सापडलं. मुलांना गोष्टी लिहायला बसवलं होतं. एकच शक्ती मागायची, कोणती मागाल? पोरांनी आपोआप तोडणारा कोयता मागितला, मोळ्या स्वतः चढणारा ट्रक मागितला, कोपीत चालणारा पंखा मागितला. सातवीतली एक मुलगी वही झाकून बसली होती. शेवटी म्हणाली, "मला रोज रातच्याला एक बोट कमी व्हायचंय." मी विचारलं, का गं? ती म्हणाली, "उंची दिसली की पाव्हणे येतेत." वर्गातल्या बाकीच्या मुली हसल्या नाहीत.

तिच्या परवानगीने मी ही कल्पना घेतली. माझ्या नायिकेला झोपेत उंची कमी करता येते. दाराच्या चौकटीवर आजीने कोळशाने खूण केलेली आहे. पाहुणे बघायला येणार असं कळलं की दुसऱ्या दिवशी पोरगी खुणेच्या खाली. आजी बुचकळ्यात, मुकादम बुचकळ्यात, मध्यस्थ परत जातो. पण जितकी उंची उतरेल तितक्या दिवसांचं शिकलेलं पुसलं जातं. एक बोट गेलं की अपूर्णांक गेले, दोन बोटं गेली की मैत्रिणीचं नाव गेलं. लग्न टाळायला लहान व्हावं तर शाळा हातची जाते. शिकत राहावं तर उंची वाढते. नियम असा दोन्हीकडून कापणारा असला तरच मुलं पुढच्या भागाची वाट पाहतात. वाट्टेल ते करता येणाऱ्या जादूचा त्यांना चौथ्या भागात कंटाळा येतो. आणि दाराचा प्रश्नही सुटला. ही जादू अंगातच असते, तिला वेगळी खोली लागत नाही.

दुसरी मोठी मदत झाली आमच्या गावदेवीची. योगेश्वरीची कथा अंबाजोगाईत प्रत्येक पोराला माहीत असते. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, कोकणातून वऱ्हाड निघालं, पण मुहूर्त टळून गेला. वऱ्हाडाचे दगड झाले आणि देवी कुमारिकाच राहिली, अंबाजोगाईतच. गावातल्या हत्तीखाना लेण्याला लोक आजही जोगाईचा मांडव म्हणतात. आत मंडप आहे, अंगणात दगडी हत्ती आहेत. लहानपणी आम्ही त्या हत्तींच्या पाठी चाचपून बघायचो, उन्हात तापलेल्या असायच्या. ज्या जिल्ह्यात मुलींची लग्नं घाईने लागतात, त्या जिल्ह्याची देवी न झालेल्या लग्नाची आहे, आणि तिची ओटी भरायला सगळ्या सवाष्णी जातात. माझी नायिका या मांडवात येते. देवी तिला वर देत नाही. देवीला मी एकही वाक्य दिलेलं नाही. मुलगी हत्तीच्या सावलीत बसून विसरलेले अपूर्णांक पुन्हा शिकते. शिकवायला कोण येतं, ते मालिका पडद्यावर आली तर कळेल.

एका वाहिनीच्या बैठकीत मला सुचवण्यात आलं की कथा छान आहे, पण ती पुण्यात न्यावी, सोसायटीतली मुलगी करावी, म्हणजे जाहिरातदार मिळतील. मी नाही म्हटलं. पुण्यातल्या मुलीने उंची कमी का करावी? तिला तर वाढवायच्या पावडरी विकल्या जातात. जागा बदलली की नियमच कोसळतो. शिवाय आमच्याकडची मुलंही पडदा बघतातच. आजोबांच्या फोनवर, नेटपॅक संपेपर्यंत, हिंदीत बोलणाऱ्या जपानी आणि अमेरिकी पोरांच्या जादूच्या गोष्टी बघतात आणि त्या त्यांना आवडतात. "येतेत, जातेत" असं बोलणारी नायिका त्यांना एकदाही दिसलेली नाही.

तेव्हा मालिका आता छोट्या भागांची करून फोनवरच आणावी, असं आम्ही काही जण मिळून ठरवतो आहोत. सोळा भागांपैकी बहुतेक लिहून झाले आहेत. अडला आहे तो पंधरावा. त्यात नायिका आजीच्या फोनवरून बेळगावकडच्या फडावर असलेल्या आईला फोन लावते आणि सगळं सांगते. आई वाढे बांधत असते, तिच्या हातातला फोन मुकादमाचा असतो, तो शेजारी उभा असतो. मुलगी जे सांगते ते मला नीट जमलं आहे. आईने त्यावर काय बोलावं, हे मी मुंबईत बसून लिहू शकत नाही. कारखान्यांचा पट्टा पडला, हंगाम संपला आणि माणसं गावी परतली की मी धारूर-वडवणीला जाऊन तो प्रसंग त्या आयांसमोर वाचणार आहे, आणि त्या सांगतील ते वाक्य घालणार आहे.