जुनी गाडी विक्रीला लावण्याआधी

जुनी मोटार ऑनलाइन विक्रीला लावण्याचे काम कागदपत्रांपासून सुरू होते. नोंदणी पुस्तिका, विमा, पीयूसी, सर्व्हिसची बिले आणि दोन्ही किल्ल्या हाती आल्याशिवाय पुण्यातला जाणता यार्डवाला गाडीवर पाण्याचा फवाराही मारत नाही. गाडी कर्जावर घेतलेली असेल तर पुस्तिकेवर बँकेचा बोजा नोंदलेला असतो. तो उतरवायला बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. थकलेली ई-चलने याच वेळी पाहून घेतात. विकणाऱ्याला आपल्या नावावरच्या चलनांची कल्पना नसते, हे प्रस्तुत लेखकाने पुण्याच्या यार्डात काम करताना इतक्यांदा पाहिले की पुढे त्याचे नवल वाटेनासे झाले. द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे अबोल असतात, विसराळू नसतात.

यार्डाची बाजूही आता कायद्याने बांधलेली आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९-सीवर नोंदली की कायद्याच्या दृष्टीने तोच मालक मानला जातो. अशी गाडी चाचणी, प्रात्यक्षिक, दुरुस्ती यांसारख्या कामांसाठीच रस्त्यावर काढता येते. यार्डाच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या, घरच्या लग्नाला नेण्याची पूर्वीची सोय नियमात बसत नाही.

त्यानंतर तपासणी. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र पत्र्यावर टेकवतात. कारखान्यातल्या रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. एखाद्या दारावर आकडा दुपटीने वाढला तर ते पुन्हा रंगवलेले असते, आणि कित्येक शंभरांवर गेला तर खाली पुट्टी असते. रंगवलेला दरवाजा म्हणजे मोठा अपघात नव्हे. शहरातल्या गाडीला रिक्षाचा ओरखडा लागलेला नसेल तर ती गाडी फिरलीच नाही, असे खुशाल समजावे. खरी काळजी पिलर, एप्रन आणि छत यांची. तिथले जोड उघडून पुन्हा वेल्डिंग झालेले दिसले, तर ते जाहिरातीत सांगावेच लागते.

नुसत्या किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्यासारखी परिस्थिती नाही. पॅडलच्या रबराची झीज, स्टिअरिंगवरचे गुळगुळीत झालेले चामडे, चालकाच्या आसनाची दबलेली कड आणि सर्व्हिस बिलांवरचे आकडे यांचा मेळ घालावा लागतो. टायरच्या बाजूवर डीओटी खुणेच्या शेवटी चार अंक असतात: २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. गाडी २० हजार किलोमीटरच चालली म्हणणाऱ्याचे टायर दुसऱ्या संचाचे निघाले, तर प्रश्न विचारलाच पाहिजे. किल्ली फिरवताच एअरबॅग आणि इंजिनचे दिवे क्षणभर पेटून विझले पाहिजेत. एखादा पेटलाच नाही, तर बिघाड झाकण्यासाठी तो काढून टाकल्याचा संशय घ्यावा.

पुरात बुडालेली गाडी ओळखणे हे या कामातले सर्वांत कठीण प्रकरण. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९ मध्ये हजारो वाहने पाण्याखाली गेली, आणि अशी वाहने पुढे दूरच्या बाजारात फिरत राहतात. सांगली पासिंगची एक स्वच्छ हॅचबॅक एका दलालाने यार्डात आणली होती. आसने नवी, आत अत्तराचा वास. इतका वास हीच पहिली शंका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा पट्ट्यावर पाण्याची फिकट रेघ निघाली. स्टेपनीच्या खोबणीत वाळलेला गाळ होता आणि आसनाखालच्या रुळांवर गंज. अशा गाडीचे वायरिंग आज ठीक चालते, सहा महिन्यांनी चालेलच असे नाही. शेठने एकही फोटो न काढता ती परत पाठवली. दलालाने ती दुसरीकडे नेली असणार. त्याला या यार्डात कोणी अडवू शकत नव्हते.

स्वच्छतेत हात आखडता घेऊ नये. आधी बाहेरून धुलाई, मग रबिंग, पॉलिश आणि आतून ड्रायक्लीन, असा क्रम असतो. इंजिन धुताना अल्टरनेटर आणि फ्यूजबॉक्स प्लास्टिकने झाकतात. मात्र धुऊन झाल्यावर इंजिनावर चकाकीचा फवारा मारण्याची पद्धत घातक म्हणावी लागेल. त्याखाली तेलाची गळती लपते आणि अनुभवी गिऱ्हाईक चकाकते इंजिन पाहूनच मागे सरते. दुरुस्तीचा निकष वेगळा: तुटलेला आरसा, फुटलेला दिवा, बंद पडलेला एसी दुरुस्त करावा, बंपरवरचा जुना ओरखडा तसाच राहू द्यावा, कारण ताजा रंग दिसला की लोक अपघात शोधू लागतात.

फोटोसाठी सूर्य कलल्यानंतरचा वेळ किंवा ढगाळ दिवस उत्तम. भर दुपारी पांढरी गाडी उन्हात धुऊन निघते आणि काळी गाडी भोवतीचे सारे जग दाखवते, फोटो काढणाऱ्याच्या पोटासह. मोबाइलच्या रुंद भिंगाने जवळून काढल्यास गाडीचे नाक फुगल्यासारखे दिसते. म्हणून चार-पाच पावले मागे सरून थोडे झूम करावे आणि मोबाइल हेडलाइटच्या उंचीवर धरावा. पहिला फोटो समोरच्या कोपऱ्यातून, एक बाजू आणि पुढचा भाग एकत्र दिसेल असा. पुढे मागचा कोपरा, चारही टायर, डिकी, स्टेपनीची खोबण, इंजिन सुरू असताना डॅशबोर्ड. ओल्या गाडीचा फोटो काढू नये. पाण्याखाली ओरखडे दिसत नाहीत आणि हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते. याउलट प्रत्येक ओरखड्याचा जवळून फोटो द्यावा, शेजारी नाणे ठेवून. असे फोटो लावल्यावर चौकशीचे फोन कमी येतात, पण जो येतो तो गाडीभोवती फिरून नव्या खोडी काढून भाव पाडत बसत नाही. नंबरप्लेट झाकावी, कारण दुसऱ्याच्या गाडीचे फोटो उचलून ‘लष्करात बदली झाली’ म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्या टोळ्या जाहिरातींतून फिरतात.

मजकुरात ‘डॉक्टरांनी वापरलेली’, ‘शोरूम कंडिशन’, ‘अर्जंट सेल’ या शब्दांना आता किंमत उरलेली नाही; डॉक्टरही खड्ड्यांतून गाडी नेतात. त्याऐवजी निर्मितीचा महिना आणि नोंदणीचा महिना वेगवेगळे द्यावेत, कारण डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत नोंदली गेली की एक वर्ष नवी वाटते. मालक कितवा, विमा केव्हापर्यंत, शेवटची सर्व्हिस कोणत्या किलोमीटरला, पासिंग कुठले, हे लिहावे. परराज्यातल्या पासिंगची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नव्याने नोंदणी करावी लागते आणि इथला करही भरावा लागतो; दिल्लीहून स्वस्तात आलेल्या गाडीचा भाव त्यात बराच वर चढतो.

सौदा ठरल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून नोंदणी प्राधिकरणाकडे नाव बदलण्याचा अर्ज करतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. नाव न बदलता किल्ली दिली आणि पुढे अपघात झाला, तर नोंदीवरचा मालकच भरपाईला जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विम्यावरचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो जुन्या मालकाकडे राहतो. फास्टॅग मात्र त्याने बंद करावा, नाहीतर नव्या मालकाचे टोल त्याच्याच खात्यातून कापले जातात. शेवटी जाहिरात उतरवायची असते. ते राहिले तर ‘शेवटचा भाव सांगा’ असे फोन महिनोन्महिने येत राहतात.