मुका डबा

मे महिना. दिग्रसात दुपारी पारा चाळिशीच्या बराच वर, खोलीत कूलरची घरघर. आणि मला संगणक मात्र मुका हवा! म्हणून बिनपंख्याचा पॉवर सप्लाय बसवला. नव्वद टक्के कार्यक्षम म्हटला, तरी १०० वॅट देताना ११ वॅट उष्णता डब्यातच सोडणार. पंखेवाला सप्लाय आतली गरम हवा बाहेर तरी फेकतो. हा नुसता तापत बसतो. हीटसिंक कितीही मोठा लावा, खोलीपेक्षा थंड होणे नाही. मग सप्लायची जाळी वर येईल असा डबा फिरवला, मागे १२० मिमीचा एक पंखा अगदी संथ ठेवला. त्याचा आवाज? कूलरपुढे कोण ऐकतो! कापसाच्या हंगामात जाळीवर तंतू बसतील, तेवढे ब्रशने झाडावे लागतील.